कोलॅजेनचा डबा आणि सोमवारची गोळी

जुलै 2022. आषाढातली झड लागलेली, मागच्या दाराची फरशी शेवाळलेली आणि माझ्या हातात धुण्याची बादली. पाय सरकला तसा मी उजवा हात टेकला. पडले ते उभ्या उभ्या, एक पायरीसुद्धा नव्हती. पण मनगटातून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला आणि तो मला स्वच्छ ऐकू आला. सहा आठवडे हात गळ्यात.

प्लास्टर काढायला मिरजेला गेलो तेव्हा डॉक्टरांनी हाताकडे कमी आणि माझ्याकडे जास्त पाहिलं. वय विचारलं. एकसष्ट. पाळी कधी गेली विचारलं. मी म्हटलं, "एक्केचाळिसाव्या वर्षी पिशवी काढली."

"पिशवीबरोबर बीजकोशही काढले होते का?"

"दोन्ही काढले होते. पुढे कटकट नको म्हणाले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग बाई, वीस वर्षं झाली तुमच्या हाडांचं कुंपण निघून."

बीजकोशातून जे इस्ट्रोजेन येतं ते हाडांची झीज आवरून धरतं, हे मला त्या दिवशी कळलं. पाळी गेल्यावर पहिल्या पाच-सात वर्षांत बाईच्या हाडांचा पाचवा हिस्सासुद्धा जाऊ शकतो. माझी ती वर्षं पन्नाशीत यायची, ती चाळिशीतच आली, आणि ऑपरेशन करणाऱ्यांपैकी कुणीही मला हाडांबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. टाके काढायच्या दिवशी जड उचलू नका म्हणाले, तेवढंच. याचा राग अजून माझ्या पोटात आहे. 2019 साली बीडच्या ऊसतोडणीवाल्या बायांच्या पिशव्या काढल्याचा विषय गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा मी पेपर वाचून हळहळले होते. त्या बायांची हाडं पुढे कशी राहतील, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. आता येतो. त्यातल्या कितीतरी माझ्यापेक्षाही लहान वयात या फेऱ्यात सापडल्या आहेत.

डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी लिहून दिली. नावाने घाबरले होते, पण त्यात काहीच नाही. सुई नाही, बोगदा नाही. आदल्या दिवशी कॅल्शियमची गोळी घ्यायची नाही, अंगावर धातूचं काही ठेवायचं नाही. टेबलावर उताणं झोपायचं, पोटऱ्यांखाली एक चौकोनी ठोकळा देतात, आणि वरून यंत्राचा हात हळूहळू सरकत जातो. मग खुब्यासाठी पाय आत वळवून पट्ट्याने बांधतात. पंधरा मिनिटांत बाहेर. कागदावर आलं: मणका उणे 2.8, खुबा उणे 2.1. उणे एकपर्यंत ठीक, उणे अडीचवर किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. तरुणपणीच्या भरल्या हाडाशी केलेली ही तुलना असते, या आकड्याला टी-स्कोअर म्हणतात.

औषध लगेच लिहून दिलं. आठवड्यातून एकदा ॲलेंड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी, रोज कॅल्शियम, आणि ड जीवनसत्त्वाच्या 60,000 युनिटच्या पुड्या, आठवड्याला एक. कॅल्शियम आणि पुड्या मी त्याच दिवशी सुरू केल्या. ॲलेंड्रोनेटची पट्टी मात्र कपाटात ठेवली.

कारण त्याच आठवड्यात मोबाइलवर एक संदेश फिरत आला होता. हाडांच्या या गोळीने जबड्याचं हाड सडतं, सोबत एक भयंकर फोटो. मी छत्तीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई, पण तो फोटो पाहिल्यावर मला काही सुचेना. डॉक्टरांना विचारायला मिरज काही लांब नव्हती. विचारलं नाही.

आणि नेमका तेव्हाच पुण्याहून लेकीने कोलॅजेनचा डबा पाठवला. "आई, हे नैसर्गिक आहे, हाडांना चांगलं. रोज एक चमचा घे." मला हायसं झालं. गोळीच्या भीतीतून वाट निघाली असं वाटलं.

कोलॅजेन म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, आणि तेही स्वतःच्या हाताने पाहिलेलं. सातवीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रयोग करायचे. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवायचं. दर एक-दोन दिवसांनी व्हिनेगर बदलायचं. आठवड्याभराने बाहेर काढलं की हाड तसंच दिसतं, पण बोटांत धरून वाकवलं तर ओल्या वेताच्या छडीसारखं वाकतं. पोरं हातोहात फिरवायची, कुणी कुणी त्याला गाठ मारायला बघायचं. व्हिनेगरने हाडातला चुना नेलेला असतो, मागे राहतं ते कोलॅजेन. दुसरं एक हाड मी चुलीच्या निखाऱ्यात घालायचे. त्यातलं कोलॅजेन जळून जायचं आणि उरलेलं पांढरं हाड चिमटीत खडूसारखं चुरायचं. मुलांना मी सांगायचे, आपल्या जुन्या घराची कुडाची भिंत आठवा. आतली कामट्यांची विण म्हणजे कोलॅजेन, वरून लिंपलेली माती म्हणजे चुना. नुसत्या मातीची भिंत उभी राहत नाही आणि नुसत्या कामट्यांनी वारा अडत नाही.

म्हणून डबा हातात आला तेव्हा मला ते पटलं. वीस वर्षं आपण माती लिंपायच्याच गोष्टी ऐकतोय, कॅल्शियम घ्या, दूध घ्या, नाचणी खा. कामट्यांचं कुणी बोलतच नाही. शिवाय आमच्याकडे हाड मोडलं की पायाचा रस्सा द्यायची रीत आहेच. वडील झाडावरून पडले तेव्हा आई रात्रभर चुलीवर पाय उकळत ठेवायची. सकाळी गार झालेला रस्सा पातेल्यात थरथरायचा. ते थरथरणारं म्हणजे कोलॅजेनच, शिजून जिलेटिन झालेलं.

डब्यातली पूड पांढरी, हलकी. कोमट पाण्यात चमचा फिरवला की गुठळी न होता विरघळते. माशाच्या कातडीपासून केलेली होती, पण वास फार नाही, फक्त पेला धुवायचा राहिला तर दुपारी कळतो. मी ताकात घ्यायला लागले, जिरेपूड घालून. पहिले पंधरा दिवस पोट फुगल्यासारखं वाटायचं, मग ते गेलं. महिन्याचा खर्च सोळाशे रुपये. पेन्शनमधून तो मी आनंदाने करत होते.

तिसऱ्या महिन्यात अक्का आल्या. या माझ्या मोठ्या जाऊबाई, सत्तरीच्या. गळ्यात तुळशीची माळ, वारी चुकलेली नाही. त्यांचीही तपासणी मीच मिरजेला नेऊन करून आणली होती. त्यांचा मणका उणे 3. डॉक्टरांनी त्यांनाही तीच आठवड्याची गोळी दिली होती, आणि त्या ती पहिल्या आठवड्यापासून नेमाने घेत होत्या. मोबाइल त्या बघत नाहीत.

मी ताक घुसळत होते. अक्का म्हणाल्या, "तुझी ती पावडर मलाबी दे की गं. तुझी नखं बघ कशी झाल्यात."

नखं खरंच बरी झाली होती, मोडत नव्हती. मी डबा उचलला आणि त्यांना वाचून दाखवायला लागले. चष्मा वर करून, डबा डोळ्यांजवळ नेऊन बारीक अक्षरं वाचत असताना कडेला ती खूण दिसली. तपकिरी चौकट, आत तपकिरी त्रिकोण. नखाएवढीही नव्हती.

"काय लिवलंय?" अक्कांनी विचारलं.

"अक्का, हे माशाचं आहे."

त्यांनी हात मागे घेतला आणि माळ मुठीत धरली. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बरं झालं वाचलंस." मला मात्र भरून आलं. मी न वाचता त्यांच्या ताकात एक चमचा घातला असता तर त्यांचा चाळीस वर्षांचा नेम माझ्या हातून मोडला असता, आणि त्यांना ते कळलंही नसतं. त्या दिवसापासून मी ओळखीच्या प्रत्येक माळकरी घरात हे सांगत आले आहे. कोलॅजेन हे गाईगुरांचं, डुकराचं, कोंबडीचं नाहीतर माशाचं असतं. झाडात ते नसतं. शाकाहारी म्हणून जे डबे मिळतात त्यांत कोलॅजेन नसून शरीराला ते तयार करायला लागणाऱ्या गोष्टी असतात, क जीवनसत्त्व वगैरे, आणि त्या आवळ्यात आणि डाळीतही आहेत. बऱ्याच कॅप्सूलचं बाहेरचं मऊ कवचसुद्धा जिलेटिनचं असतं. अक्कांना ड जीवनसत्त्व पुडीतूनच द्यायचं, हे मी त्यांच्या चिठ्ठीवर लाल पेनने लिहून ठेवलं.

आणखी एक गोंधळ मी आसपास पाहिला. आमच्या फिरायच्या गटातल्या एक बाई वर्षभर कोलॅजेनची गोळी घेत होत्या, हाडांसाठी म्हणून. पाहिलं तर ती टाइप दोनची, 40 मिलिग्रॅमची. टाइप दोन हे सांध्यातल्या कुर्चेचं कोलॅजेन. हाडातलं असतं टाइप एक, आणि ज्या अभ्यासांत हाडांसाठी ते तपासलं आहे त्यात रोज 5 ग्रॅम दिलेलं आहे. दोन्हींवर मोठ्या अक्षरात कोलॅजेन हेच लिहिलेलं असतं. गुडघ्याची गोळी मणक्यासाठी घेतली जाते ती अशी.

वर्ष झालं. ऑक्टोबर 2023 मध्ये मी लेकीकडे होते. ती म्हणाली, इथेच तपासणी करून घेऊ. केली. मणका उणे 2.5. उणे 2.8 वरून उणे 2.5! लेकीने मिठी मारली. मी त्या रात्री अक्कांना फोन करून सांगितलं की माझ्या डब्याने काम केलं, त्या भीतीदायक गोळीची गरज पडली नाही. हे मी दहाबारा जणींना सांगितलं असेल. दोघींनी माझ्या सांगण्यावरून डबे मागवले.

नोव्हेंबरात दोन्ही कागद घेऊन मिरजेला गेले. डॉक्टरांनी ते शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला एकेक दाखवलं. दोन्ही यंत्रं वेगळ्या कंपन्यांची होती. पहिल्या कागदात कमरेचे चार मणके मोजले होते, दुसऱ्यात तीन. आणि खुबा, ज्याच्याकडे आम्ही मायलेकींनी पाहिलंच नव्हतं, तो उणे 2.1 वरून उणे 2.3 झाला होता. "वेगवेगळ्या तराजूंवर वजन करून सोनं वाढलं म्हणता येईल का?" ते म्हणाले. शिवाय म्हातारपणी मणक्यांना जे काटे फुटतात ते यंत्राला हाड म्हणूनच दिसतात, त्याने आकडा फुगतो.

मग त्यांनी मला भिंतीला टेकून उभं केलं आणि उंची मोजली. नोकरीला लागताना माझी उंची पाच फूट दोन इंच नोंदवली होती, ते मला पक्कं आठवतं. आता पाच फूट अर्धा इंच भरली. पाठीचा एक्स-रे काढला. छातीच्या मणक्यांतला शेवटचा, बारावा, पुढच्या बाजूने पाचरीसारखा चेपलेला. कधी चेपला ते मला माहीत नाही. मागच्या उन्हाळ्यात धान्याचा डबा सरकवताना पाठीत उसण भरली होती, आठ दिवस शेकलं होतं. तेव्हाच असेल कदाचित. मणका मोडलेला बरेचदा माणसाला कळतच नाही, उसण म्हणून निभावून जातं.

त्याच यंत्रावर पुन्हा तपासणी केली. मणका उणे 2.9. म्हणजे वर्षात जागचा हललेला नाही असंच म्हणायचं, कारण एक-दोन दशांशाचा फरक यंत्राच्या चुकीतही बसतो.

मी रडले. डब्याचे पैसे गेले म्हणून नाही. त्या वर्षात माझा एक मणका बसला आणि गोळीची पट्टी कपाटात होती, म्हणून.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी डब्यालाही वाईट म्हटलं नाही, आणि हे मला सांगायलाच हवं. ते म्हणाले, कोलॅजेनवर जर्मनीत एक चांगला अभ्यास झाला आहे, 2018 सालचा. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या 131 बायका घेतल्या होत्या, वर्षभर रोज 5 ग्रॅम. 102 जणी शेवटपर्यंत टिकल्या. कोलॅजेन घेणाऱ्यांची मणक्याची आणि खुब्याची घनता थोडी वाढली, न घेणाऱ्यांची घसरली. पण तो फरक टी-स्कोअरमध्ये साधारण एक दशांशाचा. अभ्यासाला पैसा कोलॅजेन बनवणाऱ्या कंपनीचा. आणि मुख्य म्हणजे, कोलॅजेनने हाड मोडायचं थांबतं का, हे त्यात पाहिलेलंच नाही. उलट ॲलेंड्रोनेटचं 1996 पासून माहीत आहे: ज्यांचा मणका आधीच मोडलाय अशा बायकांत तीन वर्षांत नवे मणके मोडायचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. "तुमचं मनगट मोडलंय, मणका बसलाय. तुम्हाला एक दशांश पुरत नाही."

मी तेव्हा जबड्याचं विचारलं. अखेर विचारलं. ते म्हणाले, होतं, पण फार क्वचित, आणि बहुतेक कॅन्सरच्या रुग्णांना मोठ्या मात्रेत शिरेतून ही औषधं देतात त्यांच्यात. दात आधी दाखवून घ्या, काढायचा असेल तो आधी काढा, मग सुरू करू. इतकं सोपं उत्तर होतं. मिरजेला जायला एसटीने तास लागतो आणि मी चौदा महिने लावले.

दंतवैद्यांनी एक किडकी दाढ काढली, जखम भरेपर्यंत थांबायला सांगितलं. डिसेंबर 2023 च्या पहिल्या सोमवारी मी पहिली गोळी घेतली.

ती घ्यायची रीत मला पाठ झाली आहे. सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, रिकाम्या पोटी. भरून एक पेला साधं पाणी. दूध नाही, चहा नाही, कॅल्शियम नाही, कोलॅजेन तर नाहीच, कारण यातलं काहीही बरोबर गेलं तर गोळी अंगी लागत नाही. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेला चिकटून जळजळ होते. मी अंगणात फेऱ्या मारते. तुळशीला पाणी घालते, पण कंबरेत वाकून नाही, गुडघ्यात बसून. मागच्या दाराची शेवाळलेली फरशी आता तासून खरखरीत करून घेतली आहे, न्हाणीत भिंतीला दांडा बसवला आहे. अर्ध्या तासाने चहा. गोळ्यांचा महिन्याचा खर्च डब्याच्या पाव हिश्श्यालाही येत नाही.

ज्या दोघींनी माझ्या सांगण्यावरून डबे मागवले होते त्यांना मी घरी जाऊन भेटले आणि माझे तिन्ही कागद दाखवले. एकीने त्याच आठवड्यात तपासणी केली. दुसरी म्हणाली, मला बरं वाटतंय, मी हेच घेणार. तिला मी अजून सांगतेच आहे.

डबा मी सोडला नाही. दुपारी ताकात 5 ग्रॅम. त्याने पोटात प्रथिनं जातात, नखं टिकतात, आणि विणीला थोडा हातभार लागतही असेल. डॉक्टरांची हरकत नाही, माझी मूत्रपिंडं नीट आहेत म्हणून. ज्यांची नाहीत त्यांनी विचारल्याशिवाय असली पूड घेऊ नये. पण जेवणातली डाळ-उसळ मी त्याच्या भरवशावर कमी करत नाही. कोलॅजेनमध्ये शरीराला लागणारं एक आवश्यक अमिनो आम्ल, ट्रिप्टोफॅन, नसतंच. त्यामुळे प्रथिनं म्हणून ते अपुरं.

डिसेंबर 2024 ला मी आणि अक्का दोघी मिरजेला गेलो. माझा मणका उणे 2.6. खुबा उणे 2.2. यात गोळीचं किती आणि ताकातल्या पुडीचं किती, हे कुणालाच सांगता येणार नाही, दोन्ही एकदम चालू आहेत. आता मी कुणाला फोन करून डब्याचं नाव सांगितलं नाही. अक्कांचा उणे 3 चा उणे 2.6 झाला होता. दोन वर्षं गोळी, ड च्या पुड्या, नाचणीची आंबील, हुलग्याचं माडगं, तिळाची चटणी आणि रोज एक आवळा. परतीच्या एसटीत त्या माझा कागद आपल्या कागदाशेजारी धरून बसल्या होत्या. वाचता येत नाही, पण आकडे ओळखतात.

"तुझा नि माझा सारखाच आला की गं," म्हणाल्या.

पुढची तपासणी त्याच जागी, त्याच यंत्रावर. यंत्राचं नाव आणि मोजलेले चार मणके मी फाइलच्या आतल्या पानावर लिहून चिकटवले आहेत. अक्कांच्या फाइलमध्येही.